टाचेखालचा मणका

शेषराव गुरुजी पायाळू होते. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायचं ते पाय आधी आले, एवढंच. यात त्यांचा काय पराक्रम? पण सोनपळस गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस विव्हळत गुरुजींच्या ओट्यासमोर येऊन पालथा पडायचा. पायाळूनं उजवा पाय पाठीवरून तीनदा फिरवला की चमक निघून जाते, असं बीबी गावापासून तालुक्याच्या मेहकरपर्यंत शहाणीसुरती माणसंही मानतात. गुरुजी मानत नसत. "पाय माझा, खूळ तुमचं," असं म्हणत वहाण काढायचे आणि फिरवायचे. गावात दुसरा पायाळू नव्हता, त्यामुळे दर रविवारी दोन-चार पाठी ठरलेल्याच.

शाळेत मात्र खुळाला जागा नव्हती. साल त्रेसष्टचं. सामान्य विज्ञानाच्या तासाला गुरुजी स्टुलावर चढून खिळ्याला तक्ता टांगायचे. तक्त्यावर अर्धी कापलेली कवटी, आत मेंदू, आणि त्याच्या खाली कमरेपर्यंत उतरत गेलेली पांढरी दोरी.

"मेंदू म्हणजे कोण बे?"

"तहसीलदार!" सगळा वर्ग ओरडायचा.

"बरोबर. कवटीच्या कचेरीत बसते. मोठा मेंदू विचार करते, लहान मेंदू तोल सांभाळते, अन् खालची लंबमज्जा श्वास चालू ठेवते. हा खाली जाते तो मज्जारज्जू. करंगळीएवढा जाड. मणक्यांच्या नळीतून जाते. तहसीलदाराचे सगळे हुकूम ह्याच्यातूनच. हा तुटला की खालचा मुलूख गेला, मंग कोणाचा बाप आला तरी परत येत न्हाई. पण समजा तव्याचा चटका बसला. तं तहसीलदार काय करते?"

"हुकूम सोडते!" पोरं म्हणायची.

"काहीच न्हाई करत! गंजीले आग लागली तं पोलीस पाटील मेहकरच्या हुकमाची वाट पाहते काय? मज्जारज्जू म्हणजे आपला पाटील. तो परस्पर हात मांगं ओढून घेते. मेंदूले खबर मांगून जाते."

असा तास पोरं जन्मभर विसरत नसत. पण हा हसवणारा मास्तर घरी गेला की दाराला कडी लावून दातओठ खात बसायचा, हे कुणाला ठाऊक?

कारण होतं कोकिळा. त्यांची एकुलती धाकटी बहीण. डोळ्यांसमोर राहील म्हणून गावातच दिली, कारभारी नावाच्या माणसाला. शेतीवाडी होती, घरात सासू रुक्मिणीबाई तेवढी एक. आणि कारभारीच्या अंगात राग असा, की भाकर करपली तरी पाय उचलायचा. मागच्या दिवाळीच्या तोंडावर, सात महिन्यांची पोटुशी असताना, त्यानं तिच्या पाठीत लाथ घातली. ती जात्यावर पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. जाण्याआधी भावाच्या कानात सांगून गेली. पंचनाम्यात मात्र 'पाय घसरून' असं लिहिलं गेलं, आणि कारभारीनं त्याखाली अंगठा उठवला. गावानं अळीमिळी गुपचिळी केली. सुतक फिटल्यावर गुरुजी शाळेत गेले आणि मज्जारज्जूचा धडा शिकवला.

माघ महिन्यात कारभारी कडब्याच्या वाळक्या धांड्यांची गंजी रचत होता. वरून घसरला आणि खाली सोडलेल्या बैलगाडीच्या जुवावर पाठीनं आदळला. मेहकरचा दवाखाना लांब, गुरुजी हाकेच्या अंतरावर. आता गाव काय करणार? चार जणांनी त्याला हातापायांना धरून उचललं, खळ्यात पालथा टाकला आणि गुरुजींना बोलावणं धाडलं.

गुरुजी आले. कारभारीचं तोंड मातीत होतं, पाय उघडे होते, आणि दोन्ही पायांचे अंगठे हलत होते.

ते अंगठे पाहून गुरुजींना सगळं कळलं. मणका मोडला आहे, पण आतली दोरी शाबूत आहे. आता कुणी हात लावायचा नाही. एक दार उखडून आणायचं. त्यावर माणसाला अलगद सरकवायचं. तसंच मेहकरला न्यायचं. एवढी चार वाक्यं. ती चार वाक्यं त्या गावात त्यांना एकट्यालाच येत होती.

ते बोलले नाहीत. त्यांनी वहाण काढली.

"हलकं जी, गुरुजी," कारभारी म्हणाला.

पहिल्यांदा पाय हलकाच फिरवला. दुसऱ्यांदा तळव्यानं मणके मोजत खाली आले. बरगड्या संपतात तिथं एक पायरी लागली. वरचा मणका सरळ, खालचा बोटभर मागे. तिसऱ्यांदा त्यांनी टाच त्या पायरीवर ठेवली, कोकिळाचं नाव मनात घेतलं आणि सगळा भार दिला.

वाळका धांडा मोडावा तसा आवाज आला. कारभारी ओरडलासुद्धा नाही. अंगठे थांबले.

"चमक सुटली वाटते," कुणीतरी म्हणालं. रुक्मिणीबाईनं गुरुजींच्या त्याच पायावर डोकं ठेवलं. आणि गुरुजींना काय वाटलं म्हणाल, तर गार वाटलं. खोटं कशाला सांगा? दिवाळीपासून पेटलेलं काळीज त्या दिवशी पहिल्यांदा विझलं आणि त्यांना रात्री गाढ झोप लागली.

कारभारी खाटेला खिळला. कमरेखालचं सगळं गेलं. गुरुजी दर रविवारी त्याला पाहायला जायचे. गाव म्हणायचं, बहीण गेली तरी नातं तोडलं नाही, असा साळा लाखात एक. साळा जायचा तो डोळे भरून पाहायला. खाटेशेजारी बसून धडा समजावून सांगायचा, कुठली दोरी कुठं तुटली आणि आता ती का जुळायची नाही. मग गुडघ्याच्या वाटीखाली हाताची कड मारायचा. पाय टणकन उडायचा. रुक्मिणीबाई आशेनं धावत यायची.

"तुमच्या लेकानं न्हाई उडवला तो," गुरुजी शांतपणे सांगायचे. "त्याच्या मेंदूले पत्ता बी न्हाई."

एका रविवारी कारभारी म्हणाला, "खालचं सगळं मेलं जी, गुरुजी. एक तेवढं कळते."

"काय?"

"तुमचा पाय. अजून पाठीवरच हाय. उचला ना जी."

गुरुजी हसले. "भास असते तो. पाय कापलेल्या माणसाच्या बी बोटाले खाज सुटते. मेंदूले जुनी खबर येत राह्यते."

"जुनी न्हाई जी," कारभारी म्हणाला. "दाबून राह्यला."

त्या आठवड्यात वर्गात फळ्यापाशी उभे असताना गुरुजींना उजव्या तळव्याखाली ओल लागली. त्यांनी वहाण काढून पाहिली. वहाण कोरडी, तळवाही कोरडा. पण ओल होती, ऊबही होती. उन्हाळ्यात खाटेवर पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला घाम येतो, तसली.

मग ती वर-खाली होऊ लागली. हळू, एका लयीत. ते उभे असोत, बसलेले असोत, तळव्याखाली काहीतरी श्वास घेत होतं. त्याच वेळी खरी जमीन कळेनाशी झाली. वहाण वाटेत गळून पडायची आणि दुसऱ्या आळीत गेल्यावर लक्षात यायचं. एकदा बाभळीचा काटा आरपार गेला, तो शाळेतल्या शिपायानं, कचरूनं, रक्त पाहून दाखवला.

गुरुजी विज्ञानाचे मास्तर. भ्यायचं कशाला, पडताळून पाहू. एका रविवारी ते आत न जाता कारभारीच्या घराबाहेर ओट्यावर बसले आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं टाचेखाली दोन धक्के बसले. आणि मग आतून खोकला ऐकू आला, दोनदा. त्यांनी तासभर बसून पाहिलं. दर खेपेला आधी टाचेला कळायचं, मग कानाला. तासाअखेर त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

ते मेहकरला गेले. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. डावा पाय उडला. उजवा जागचा हलला नाही. टाचणी टोचली, कळली नाही.

"कणा ठीक आहे, डोकं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पाय कुणाकडे ठेवून आलात, मास्तर?"

डॉक्टर आपले हसत होते. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं.

परत आल्यावर ते कारभारीकडे गेले. रुक्मिणीबाई पाण्याला गेली होती. कारभारी वाळून काटकी झाला होता, पण डोळे मात्र टक्क उघडे होते.

"लंगडून राह्यले जी गुरुजी?"

"तुम्हाले काय पाहिजे?" गुरुजी म्हणाले.

"माझे अंगठे हलत होते त्या दिवशी," कारभारी म्हणाला. "तुम्ही पाह्यलं. तुम्हाले ठावं होतं. उचला म्हनलं तं उचलला न्हाई, आता मीच धरून ठेवला. एक करा. मायसमोर एक खेप कबूल करा. मी सोडून देतो."

गुरुजींच्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्ही केलं कबूल? माझी बहीण तीन दिवस तडफडली. पंचनाम्यावर अंगठा कोणाचा हाय?"

कारभारीनं डोळे आढ्याकडे फिरवले.

"न्हाई केलं," तो म्हणाला. "म्हणूनच तं सांगून राह्यलो जी."

एवढं कबूल केलं असतं तर? पण गुरुजींना त्या खाटेकडे पाहून अजूनही गार वाटत होतं, आणि पायापायी ते सुख सोडायला त्यांचं मन तयार होईना. "पाय गेला तं गेला," ते म्हणाले. "पुन्हा ती वेळ आली तं पुन्हा तेच करीन."

"मंग राहू द्या तिथंच," कारभारी म्हणाला. "वर गेलो तरी सोडत न्हाई."

कार्तिकात एका सकाळी वर्गाकडे जाताना गुरुजी थबकले. तळव्याखालचं वर-खाली होणं थांबलं होतं. घटकाभरानं कचरू धावत सांगत आला, कारभारी गेला. गुरुजींनी मान हलवली आणि म्हणाले, तू जा मातीला, मला तास आहे. सुटलो, असं त्यांना वाटलं. तळव्याखाली गार पाणी लागलं, अंघोळ घालत असतील. मग काहीतरी खडबडीत, लाकडासारखं. ते घड्याळ पाहत राहिले. आता थोडाच वेळ.

दुपारी धडा तोच होता. तक्ता घेऊन ते डाव्या पायाच्या जोरावर स्टुलावर चढले.

"तव्याचा चटका बसला," ते खिळा चाचपत म्हणाले, "तं आधी कोण—"

नदीकाठी अग्नी दिला गेला असावा.

कित्येक महिने मेलेला उजवा पाय एकदम पोटाशी ओढला गेला. गुरुजींना पत्ता लागायच्या आधी. स्टूल कलंडलं आणि ते टेबलाच्या कडेवर पाठ आपटून फरशीवर पालथे पडले.

पोरांनी ओरडा केला. दोन पोरं नदीकडे पळाली, आणि मातीला गेलेली माणसं ओल्या धोतरांनी तशीच धावत आली. पुढं कचरू.

"पाठीत भरली वाटते! पायाळू आणा बे कोणी!" मागचा एकजण ओरडला.

"कोठून आणता?" कचरू म्हणाला. "गावात पायाळू हे एकटेच."

गुरुजी मान वळवू शकत होते. त्यांनी पायांकडे पाहिलं. दोन्ही अंगठे हलत होते. दोन्ही. उजवासुद्धा. त्यांना हसू फुटलं. डोकं शाबूत, दोरी शाबूत, आणि सबंध गावात पाठीवर पाय ठेवणारं दुसरं कुणी नाही.

"कोणी हात लावू नका," ते स्पष्ट आवाजात म्हणाले. "एक दार उखडून आणा. त्याच्यावर मले अलगद सरकवा. तसंच मेहकरले न्या."

चार वाक्यं. गाव गुरुजींचं ऐकायचं. दोघे दार उखडायला धावले, बाकीचे हातभर मागे सरले.

तेव्हा उजव्या तळव्याखाली त्यांना सदऱ्याचं कापड लागलं.

धुतलेलं, जरा खरबरीत. कापडावर बारीक भुकटी होती. खडूची.

त्यांनी वळून पाहिलं. उजवा पाय फरशीवर लांब पडला होता, बोटं उघडी, खाली नुसती शहाबादी फरशी.

तळवा हलकाच वरून खाली फिरला. एकदा.

दुसऱ्यांदा तो मणके मोजत आला. गुरुजींना पाठीवर काहीच कळत नव्हतं. कळत होतं ते तळव्याला. एकेक हाड. बरगड्या संपल्या. पायरी लागली.

"हलकं," गुरुजी म्हणाले.

"कोणी हात बी न्हाई लावला जी, गुरुजी," कचरू म्हणाला.

"मीच केलं ते!" गुरुजी किंचाळले. "खळ्यात, मी—रुक्मिणीबाईले बोलवा, मी कबूल—"

वाळका धांडा मोडावा तसा आवाज आला. पोरांनी तो ऐकला, कचरूनंही ऐकला.

दार आणून त्यावर त्यांना उताणं सरकवलं, तेव्हा डाव्या पायाचा अंगठा थांबला होता. उजव्या पायाची टाच मात्र लाकडात घट्ट रुतली होती. मेहकरपर्यंत कचरू ती सैल करायला पाहत होता. ती कुणीतरी भार द्यावा तशी दाबतच राहिली.