शिट्टी वाजलीच नाही

"पायऱ्यांवरून पडलेल्या बाईच्या पाठीवर वळ कसे उठतात, हे मला कुणीतरी समजावून सांगा," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "संध्याकाळी नवरा तिला घरी नेणार आहे. त्याआधी या."

पेरूतल्या लिमा शहराच्या पोलीस महिला कक्षातली उपनिरीक्षक एदेलमिरा लगेच उठली. लेकीच्या पाळणाघरात 'आज उशीर होईल' असं कळवलं. तिथल्या बाईंचा सुस्कारा ऐकू आला, तो न ऐकल्यासारखा करून ती बाहेर पडली.

हॉस्पिटलच्या खाटेवर नोएमी होती. वय फार तर बावीस. जबडा तारेनं बांधलेला, नजर छताला लागलेली. नर्सनं तिला हळूच कुशीवर वळवलं. पाठभर जांभळे पट्टे होते. सुटे नव्हते, तीन-तीनच्या जुडीत, एकमेकांना लागून.

उशाशी पिशवीत तिचे कपडे होते आणि दोरीत ओवलेली नारिंगी शिट्टी. एदेलमिरानं ती उजेडात धरली. फुंकायच्या टोकावर दात रुतल्याच्या ताज्या खुणा होत्या.

सांता रुफिनाच्या टेकडीवर प्रत्येक बाईच्या गळ्यात अशी शिट्टी असते. नवऱ्यानं हात उचलला की फुंकायची. ऐकेल तिनं आपलीही फुंकायची आणि हातात असेल ते भांडं घेऊन धावायचं. दारात बायका भांडी बडवत उभ्या राहिल्या की भल्याभल्यांचे हात खाली येतात. एदेलमिरा भाषणांतून या टेकडीचं उदाहरण द्यायची.

"कुणी मारलं?" तिनं विचारलं.

नोएमीनं डोळे घट्ट मिटून घेतले. दारात माणसं आली होती.

"मारायला कोण बसलंय, मॅडम?" पुढे आलेला तरुण म्हणाला. तो नवरा, रोमुलो. "पाण्याची बादली घेऊन उतरत होती, पाय घसरला. मी घरी नव्हतोच. रविवारची मॅच होती. मी गोलकीपर. अख्खी टेकडी साक्षीला आहे." मग मागे वळून म्हणाला, "पाद्रिनो, तुम्हीच सांगा ना यांना."

मागे टेकडीवरच्या चौकीचा हवालदार आर्कादियो उभा होता. पोट सुटलेला, हसतमुख. पाद्रिनो म्हणजे धर्मपिता, पण लिमात बसचा कंडक्टरसुद्धा कुठल्याही वर्दीवाल्याला लाडीगोडीनं पाद्रिनो म्हणतो. एदेलमिराचं त्या शब्दाकडे लक्ष गेलं नाही.

"पोरगा खरं बोलतोय," आर्कादियो म्हणाला. "मी मैदानावरच होतो, बंदोबस्ताला. काय पेनल्टी अडवली यानं! पंचानं शिट्टी फुंकली आणि याची मांजरासारखी झेप!"

"आणि नोएमीची शिट्टी?"

"ती वाजलीच नाही. कुणालाही विचारा. आमच्याकडे शिट्टी नाही म्हणजे मारहाण नाही. संध्याकाळी अपघात म्हणून प्रकरण मिटवतो, पोरीला घरी जाऊ दे."

नोएमीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. तेवढं एदेलमिरानं पाहिलं.

"मला टेकडी बघायचीय," ती म्हणाली.

"या की! नाही कोण म्हणतंय?"

वाटेत आर्कादियो चौकीवर थांबला, सिगारेट विसरली होती म्हणून. एदेलमिरा दारात उभी राहिली. आत संताच्या तसबिरीखाली खिळ्याला एक चाबूक टांगला होता. तीन शेपट्यांचा. मुठीला मळकी पांढरी फीत.

"हा कशाला?"

"कुत्र्यांना," तो हसला. "इथं माणसांपेक्षा कुत्रीच जास्त."

वर धुकं दाटलं होतं आणि पायाखाली वाळू. टेकडीच्या माथ्यावर बायकांचं सामायिक स्वयंपाकघर. आर्कादियो सिगारेट पेटवून बाहेरच रेंगाळला. आतून हसण्याचा गलका येत होता.

"चाव की रे फेर्मिन, चाव! हाडं आहेत त्यात!"

"शनिवारी दाढ काढलीय माझी. तुम्हाला मस्करी सुचतेय." गाल सुजलेला एक बुटका माणूस वाटीतून सूप ओढत होता.

"आणि टॉवेल हलवून खांदाही दुखतोय म्हणे! असला कसला पंच? निम्म्या पोरांना वाटलं, बस थांबवतोय."

एदेलमिरा आत गेली आणि हसणं कापल्यासारखं थांबलं.

बटाटे सोलणाऱ्या बायका खाली बघू लागल्या. त्यांची पुढारी तेओफिला उभी राहिली. थोराड, पाठीशी शालीत बांधलेलं बाळ. कोपऱ्यात एक मुलगी मोठं पातेलं वाळूनं घासत होती. बुडाचा काळा थर निघता निघत नव्हता.

"काल काय केलं होतं?" एदेलमिरानं विचारलं.

"मसुराची आमटी. मॅच असली की विकतो."

"जळली?"

"जरा लागली."

"एवढ्या जणी असून?"

"गप्पांत राहिलो," तेओफिला म्हणाली.

घरी एकटीच्या हातून दूध उतू गेलं तरी धावपळ होते. इथं चुलीभोवती आठ-दहा बायका, आणि पातेल्याचं बूड कोळसा होईपर्यंत कुणाच्या नाकाला वास नाही?

"नोएमीची शिट्टी ऐकलीत?"

"नाही." "नाही ऐकली." "वाजलीच नाही." सगळ्यांचा सूर सारखा, पाठ केल्यासारखा.

"तिचं घर कुठलं?"

"ते काय, मागचं निळं दार."

खिडकीतून दार दिसत होतं. तारेवर दुपटी वाळत होती. दारासमोरून सिमेंटच्या पायऱ्या सरळ खाली उतरत होत्या.

"तिचं बाळ रडलं तर इथं ऐकू येतं, मावशी?"

"येतं की. रोज..." तेओफिलानं जीभ चावली.

"हेच ना ते?"

"हेच. किलारी."

"नोएमीच्या लग्नात पाद्रिनो म्हणून जोडप्याच्या पाठीशी कोण उभं होतं?"

बटाट्यावरच्या सुऱ्या थांबल्या.

"होता कुणीतरी त्यांच्या गावचा," तेओफिला म्हणाली. "तिकडं डोंगरात असतो."

पातेलं घासणाऱ्या मुलीनं मात्र बाहेर पाहिलं. बाहेर आर्कादियो धूर सोडत उभा होता.

एदेलमिरा बाहेर आली. तिनं शहरातून दोन शिपाई बोलावून घेतले आणि एकाला चौकीवरची एक वस्तू आणायला सांगितलं. रोमुलोलाही वर बोलावलं. सगळे स्वयंपाकघरात जमले, तेव्हा ती बाकावर बसली.

"हवालदारसाहेब, त्या पेनल्टीचं पुन्हा एकदा सांगा."

"परत? अहो, पंचानं शिट्टी फुंकली..."

"मी?" फेर्मिननं आ वासला. आत कापसाचा लाल बोळा होता. "कशानं फुंकू? पूर्ण मॅच टॉवेलवर काढली की मी!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आर्कादियोचं हसू मात्र तोंडावर तसंच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं.

"म्हणजे तुम्ही मैदानावर नव्हतात," एदेलमिरा म्हणाली. "पेनल्टी अडवल्याचं तुम्हाला रोमुलोनं नंतर सांगितलं. शिट्टी तुम्ही पदरची घातलीत. मग कुठं होतात?"

"चौकीत. दुसरीकडे कुठं असणार?"

"मग मैदानावर होतो असं का सांगितलंत?"

त्यानं खिशातलं सिगारेटचं पाकीट चाचपलं.

"मी सांगते. नोएमीनं शिट्टी वाजवली. इतकी जीव खाऊन की प्लास्टिकमध्ये दात रुतले. इथं बाळाचं रडणं ऐकू येतं, ती ऐकू आली नाही? ऐकलीत तुम्ही सगळ्यांनी. चुलीवरचं पातेलं तसंच टाकून धावलात, म्हणून आमटी जळली. इथवर तुमचा नियम तुम्ही पाळलात. मग परत का फिरलात?"

कोपऱ्यातल्या मुलीनं जळकं पातेलं पालथं घातलं.

"नवरा असता तर फिरला नसतात. नवऱ्यांना तुम्ही भीत नाही. पण रोमुलो गोलमध्ये उभा होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दारात दुसराच कुणीतरी होता. ज्याच्या हातात चाबूक दिसला तरी तुम्हाला ती मारहाण वाटली नाही, असा." तिनं हात पुढे केला. शिपायानं चौकीतून आणलेला चाबूक तिच्या हातात दिला. "तीन शेपट्या. तिच्या पाठीवर वळही तीन-तीनच्या जुडीत आहेत. आणि कुत्र्यांच्या चाबकाला कुणी पांढरी फीत बांधत नाही. ही लग्नातली फीत आहे. हॉस्पिटलात रोमुलोनं यांना पाद्रिनो म्हटलं, मला वाटलं मस्का लावतोय. तो खरंच नातं सांगत होता. तेओफिलामावशी, त्यांच्या लग्नात मागे कोण उभं होतं?"

तेओफिलानं बाळाला पाठीवर सावरलं. मग मान वर केली. तिच्या आवाजात लाज नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं.

"हवालदारच. पण मॅडम, तुम्ही शहरातल्या. आमच्याकडे चाबूक लग्नातच पाद्रिनोच्या हातात देतात. जोडपं चुकलं तर सुधारायचा हक्क त्याचा. नवरा करतो ते मारणं. पाद्रिनो देतो ती समज."

"समज," एदेलमिरा म्हणाली.

"समजच!" आर्कादियो एकदम उसळला. "नवऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन आली बया, आणि कुठं? माझ्याच चौकीत! मी जुळवलेला संसार! सांगितलं, घरी जा, घरातलं घरात मिटवू. तर म्हणते, खाली शहरात महिला कक्षात जाते. माझं नाक कापायला? समजवायला गेलो तर पायऱ्यांवरून पळाली आणि पडली. त्याला मी काय करू?"

"पाठीवर चाबूक बसत असताना कुणी पायऱ्या बघून उतरत नाही. वेळ कुणी ठरवली?"

आर्कादियोनं रोमुलोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" रोमुलोचा आवाज चिरकला. "मी फक्त म्हटलं, मॅच चालू असताना जा, म्हणजे माझ्यावर येणार नाही. तुम्ही एवढं माराल, हे मला काय माहीत?"

बायकांत कुणीतरी तोंडावर पदर धरावा तशी शाल ओढून घेतली. एदेलमिराला दोघांकडेही बघवेना. बायको कायद्याकडे गेली, आणि कायद्यानं घरी येऊन तिची पाठ फोडली. नवऱ्यानं त्याला सोयीची वेळ काढून दिली.

शिपायांनी दोघांना खाली नेलं. जाताना आर्कादियो बायकांकडे वळून म्हणाला, "बघून घेईन." आज पहिल्यांदाच त्याचं ते बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. हेच काल केलं असतं तर, एदेलमिराला वाटलं.

"एकच सांगा मावशी," ती म्हणाली. "तुम्ही दारात पोचलात तेव्हा नोएमी काय करत होती?"

तेओफिला पहिल्यांदा अडखळली.

"शिट्टी फुंकत होती. आम्हाला बघितलं आणि तोंडातून काढली."

"का?"

"तिला वाटलं..." थोराड बाईनं शालीची गाठ मुठीत धरली. "तिला वाटलं, आम्ही आलो."

एदेलमिरानं हात पसरले.

"बाळ द्या."

तेओफिलाला शालीची गाठ सुटेना. दुसरी कुणी मदतीला पुढे झाली नाही. शेवटी एदेलमिरानंच ती सोडली आणि झोपलेल्या किलारीला छातीशी घेतलं. आज रात्री माय-लेकी एका खोलीत झोपतील, आणि त्या खोलीचा पत्ता या टेकडीवर कुणालाच कळणार नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

"नोएमीला सांगा, आम्ही तिचं सगळं बघू," मागून कुणीतरी म्हणालं. "जेवण, बाळ, सगळं. येईल ना ती परत?"

एदेलमिरा पहिल्या पायरीवर थांबली. बाळाचं डोकं धुक्यापासून झाकलं.

"कुणाकडे?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती जपून पायऱ्या उतरू लागली.