टाकीमागची शेवंती

पत्र येऊन महिना होत आला होता, आणि पुस्तक्याने त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

तसा तो लिहायला तीनदा बसला होता. तिन्ही वेळा 'प्रिय फुलमावशी' एवढं लिहून झालं, पेनचं टोपण चावून झालं, आणि कागद फाडून झाला. आता ते पत्र दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात घडी घालून पडलं होतं. आणि पुस्तक्या स्वतः बावीस दिवसांच्या सुट्टीसाठी मामाकडे येऊन पडला होता. मामाच्या घरामागेच फुलमावशीची बाग! मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. म्हणजे जिच्यापासून तोंड लपवायचं, तिच्याच उंबऱ्याशी बावीस दिवस!

पत्र त्याला पाठ होतं. "बाळा, गेल्या वर्षी तू माझी शेवंती बघून गेलास. यंदा झाडं माझ्या कमरेला लागलीत, पानं हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. खत बदललं, माती बदलली. तू पुस्तकं वाचतोस. काही सापडतं का बघ आणि कळव. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते."

त्याने शोधलं होतं. एका पुस्तकात अकरा कारणं दिली होती. अकरातलं कुठलं कळवायचं? आणि चुकीचं कळवलं तर? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं म्हणत म्हणत महिना गेला.

"काय रे पुस्तक्या, भिंतीकडे पाठ करून काय बसलास?" मामाची मुलगी ओरडली. तिला सगळे 'तोफ' म्हणायचे. ती कानात जरी बोलली तरी शेजारच्यांना ऐकू जायचं. "आत चल! बाबांनी दिव्यांचं दुकान मांडलंय!"

खरंच मांडलं होतं. जेवणाच्या टेबलावर रंगीत चित्रांची जाडजूड वही उघडी होती आणि पानापानावर बागेत, अंगणात लावायचे झोतदिवे. मामा रस्ते मोजायच्या कामावर होते. घरीसुद्धा त्यांच्या खिशात मोजपट्टी असायची.

"मागच्या गच्चीवर एक लावलाच आहे उन्हाळ्यात," मामा म्हणाले. "आता पुढच्या अंगणात चार! आणि मागचा काढून त्याच्या दुप्पट मोठा! दिवेवाला उद्या संध्याकाळी येतोय. आपलं घर कसं, नाक्यावरून दिसलं पाहिजे!"

"नाक्यावरून दिसतं हो," मामी भांडी पुसत म्हणाल्या, "पण मागच्या दाराची पायरी दिसत नाही. परवा कपडे काढून परत येताना बादलीसकट आडवी झाले. सगळा झोत डोळ्यांत, आणि पायाखाली मिट्ट काळोख!"

"अगं, म्हणूनच तर दुप्पट मोठा घेतोय!"

मामींनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मामाचा धाकटा धापा टाकत आत आला. तो नऊ वर्षांचा होता आणि मोठ्या दोघांच्या सतत मागे असायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट.

"फुलमावशी सगळी झाडं उपटणार!" तो ओरडला. "उद्या सकाळी माणसं येणारेत! सगळी! मुळासकट!"

पुस्तक्या सगळ्यांत आधी मागच्या दाराकडे धावला.

तिघंही भिंतीवरून उड्या मारून पलीकडे गेली. फुलमावशी पालथ्या बादलीवर बसली होती. तिच्यासमोर शेवंतीचे सात लांबलचक वाफे. झाडं दणदणीत, पानं तुकतुकीत, पण फूल नाही.

"मावशी, का उपटताय?" तोफेने विचारलं. फुलमावशीला तोफेचं बोलणं मात्र पहिल्या फटक्यात ऐकू यायचं.

"ठेवून काय करू? तीस वर्षं याच झाडांची रोपं करत आले. माझ्या आईने दिलेलं वाण आहे हे. पण आता माझ्या हाताला यश राहिलं नाही. आपण थकलो की झाडांना कळतं गं."

ती पुस्तक्याकडे बघून हसली. पत्राचं नावसुद्धा काढलं नाही. त्यामुळे तर त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, इथे तर फुलं आहेत!" लांबून शेपटाचा आवाज आला.

भिंतीजवळ मावशीची विटांची उंच पाण्याची टाकी होती. टाकीच्या मागे, भिंतीच्या उलट बाजूला, पिवळीधमक शेवंती फुलली होती!

"ती होय," फुलमावशी म्हणाली. "चुकार झाडं आहेत चार-दोन."

"चार-दोन नाहीत, एकतीस आहेत!" शेपटाने मोजलीसुद्धा.

"कुणीतरी चोरून खत घालतंय!" तोफ कुजबुजली, म्हणजे साधारण अर्ध्या बागेला ऐकू गेलं. "पुस्तक्या, ही भानगड आहे! तपास केलाच पाहिजे!"

तपास सुरू झाला. तोफेने माती हुंगली. शेपटाने ती जिभेवर ठेवून बघितली आणि पुढची पाच मिनिटं तो थुंकत बसला. माती सगळीकडे सारखीच होती.

"मग पाणी!" तोफ म्हणाली. "टाकी गळत असेल!"

पुस्तक्या फुलांभोवती एक फेरी मारून आला. आता तो हळूच म्हणाला, "पाणी नसावं बहुतेक... म्हणजे मला खात्री नाही... पण फुलं एका वाफ्यात नाहीत. बघ ना, टाकीपाशी चिंचोळी सुरुवात आहे आणि मग तीन वाफे आडवे कापत पंख्यासारखी रुंद होत गेलीत. पाणी वाफ्यातून वाहतं. वाफ्याची मर्यादा तोडून तिरकं कसं जाईल?"

"पंख्यासारखी..." तोफेने मान वाकडी करून बघितलं. "अय्या, हो रे! टाकीची सावली पडल्यासारखी!"

"पण सावली तर तिकडे आहे," शेपूट म्हणाला. टाकीची उन्हातली सावली खरंच दुसऱ्या बाजूला पडली होती. "आणि सावली फिरते. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे."

पुस्तक्या एकदम थांबला. न फिरणारी सावली! ती पडायला प्रकाशही न फिरणारा हवा. त्याने हळूहळू वर बघितलं. टाकी. तिच्यापलीकडे भिंत. भिंतीमागे मामांचं घर. आणि गच्चीच्या कोपऱ्यावर, बागेकडे तोंड करून बसलेला तो भला मोठा झोतदिवा.

"तोफ," तो म्हणाला, "दिवा कधी लावला मामांनी?"

"उन्हाळ्यात. रात्रभर चालू असतो. का?"

अकरा कारणांत दहावं कारण होतं. एकच ओळ, आणि ती त्याने वाचून सोडून दिली होती: शेवंतीला लांब अंधारी रात्र लागते. रात्री मोठ्या होत गेल्या की झाडाला कळतं, फुलायचे दिवस आले.

"यांची रात्रच होत नाहीये," तो पुटपुटला. "टाकीच्या आडोशाला आहेत तेवढ्याच झाडांना रात्र आहे!"

"मग चल, बाबांना सांगू!"

"ते ऐकणार नाहीत. आणि मला तरी कुठे खात्री आहे? चुकलं तर?"

"तू ना, चुकण्याची भीती वाटते म्हणून श्वाससुद्धा जपून घेशील एखाद्या दिवशी!" तोफ उसळली. "बाबा कशावर विश्वास ठेवतात ते ठाऊक आहे ना? तोंडाने काहीही बोला..."

"...दोरी खोटं बोलत नाही!" शेपटाने पुरं केलं. मामांचं हे वाक्य घरात रोज एकदा तरी व्हायचंच.

मामींनी कोठीतून सुतळीचा गुंडा काढून दिला, वर "मी येते गच्चीवर, नाहीतर हे शेपूट खाली लोंबकळायचं," असंही म्हणाल्या. त्यांनी शेपटाची कॉलर घट्ट धरली आणि शेपटाने दिव्याच्या काचेपाशी सुतळीचं टोक धरलं. खाली तोफेने दुसरं टोक ताणून टाकीच्या डाव्या कडेला चाटून जमिनीपर्यंत नेलं. पुस्तक्याने तिथे खुंटी ठोकली.

खुंटीच्या डावीकडचं झाड हिरवं होतं. उजवीकडच्या झाडावर नऊ फुलं होती.

तोफेने लगेच दुसरी सुतळी ओढली. मग टाकीची उजवी कड. तिथेही तेच! मग टाकीच्या माथ्यावरून तिसरी सुतळी. ती जिथे जमिनीला टेकली, नेमकी तिथेच फुलांची शेवटची रांग संपत होती.

"आता मामांना आण," पुस्तक्या म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा मोठा निघाला.

मामांना कसं आणायचं हे तोफेला बरोबर माहीत होतं. ती घरात जाऊन म्हणाली, "बाबा, मावशींच्या बागेत कुणीतरी तीन खुंट्या ठोकून सुतळ्या ताणल्यात. कसली मोजणी आहे, कुणाला कळत नाहीये. तुम्हालाही नाही कळणार!"

"मला नाही कळणार?" मामा दिव्यांची वही मिटून उठलेच. "वीस वर्षं मोजण्या करतोय मी!"

बागेत आल्यावर ते गुडघ्यावर बसले. "छान ताणलीय," म्हणाले. "फुलांच्या कडेकडेने आखलंय बघा. ही रेषा टाकीला चाटून जाते... आता वरचं टोक कुठे आहे, ते बघायचं." त्यांनी एक डोळा मिटला, गाल खुंटीला टेकवला आणि सुतळीवरून नजर वर नेली.

वरच्या टोकाला त्यांचा झोतदिवा होता. दिव्याशेजारून शेपूट हात हलवत होता.

मामांनी मिटलेला डोळा उघडला. मग दुसऱ्या खुंटीपाशी गेले. मग तिसऱ्या. तिन्ही वेळा वरून शेपटाने हात हलवला.

"मामा," पुस्तक्या म्हणाला, "जिथे तुमचा दिवा पोचत नाही, तेवढीच शेवंती फुललीय. तिला रात्र लागते. मी चुकतही असेन. पण झाडं उपटायच्या आधी एकदा दिवा बंद करून बघू या ना!"

मामा फुलमावशीकडे वळले. ती उभी राहिली होती आणि मातीचे हात लुगड्याला पुसत होती.

"सहा महिने," मामा तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी नाक्यावरून घर दिसतं का एवढंच बघत होतो. भिंतीपलीकडे काय होतंय, हे वाकून बघितलं नाही. मोजणारा माणूस मी, आणि माझ्याच दिव्याखाली अंधार! माफ करा, मावशी."

फुलमावशीने हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या हातात काही कमी नाही?"

"अजिबात नाही!" तोफ गरजली. पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकलं.

"होतील का फुलं आता?" तिने पुस्तक्याला विचारलं.

"मला खात्री नाही, मावशी."

"मला तीस वर्षं खात्री होती, तिचा काय उपयोग झाला?" ती हसली. "माणसांना सांगते, नका येऊ म्हणून."

त्या संध्याकाळी दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेवाला आला, तेव्हा टेबलाशी मामा एकटे नव्हते. तिघं मुलं आणि मामीही खुर्च्या ओढून बसली होती.

"हा घ्या," दिवेवाला म्हणाला. "पार नाक्यापर्यंत झोत जातो!"

"आणि थांबतो कुठे?" पुस्तक्याने विचारलं.

दिवेवाला चमकला. "बारा वर्षं दिवे विकतोय. किती लांब जातो हे सगळे विचारतात. कुठे थांबतो, हे विचारणारा तूच पहिला!" त्याला शेवंतीची हकिगत कळली, तसा तो खुर्ची पुढे ओढून बसला. "त्या वेळी मीच सांगायला हवं होतं, की शेजारी बाग आहे, तोंड खाली वळवा. चला, आता नीट निवडू. कुठे काय बघायचंय, ते आधी सांगा."

"पायरी!" मामी म्हणाल्या.

पायरीसाठी गुडघ्याएवढ्या उंचीचे दोन टोपीवाले दिवे ठरले. वर लोखंडी टोपी, त्यामुळे उजेड खालीच पडणार. पांढराशुभ्र झगझगीत नको, मंद पिवळा हवा, हे मामींनीच सांगितलं. फाटकावर एकच दिवा, माणूस आला की लागणारा आणि गेला की विझणारा. सगळे पावसात भिजले तरी चालतील असे, आणि दहा वाजता आपोआप बंद होणारे.

"मांजर आलं तर लागेल का?" शेपटाने विचारलं.

"मांजर आलं तरी लागेल, आणि शेपूट आलं तरी लागेल," दिवेवाला म्हणाला.

दिवेलागणीला त्याने दोन नमुने तात्पुरते लावून दाखवले. मामांनी मोजपट्टी काढली आणि भिंतीपर्यंत उजेड येतो का, ते स्वतः वाकून बघितलं. दोन हात अलीकडेच तो संपत होता. मामी बादली घेऊन पायरी उतरल्या, परत चढल्या, पुन्हा उतरल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मला माझे पाय दिसले!"

मग वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी तिघं वाफ्यांत ओणवी व्हायची. आठ दिवस गेले. काही नाही. बारा दिवस गेले. काही नाही. पुस्तक्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. सुट्टीचा एकविसावा दिवस उजाडला. उद्या सकाळची गाडी.

"मावशी! इकडे या!"

हाक पुस्तक्याची होती. त्याच्यात एवढा आवाज आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. पहिल्या वाफ्यातल्या झाडाच्या शेंड्यावर, पानांच्या बेचक्यात, मोहरीच्या दाण्याएवढी हिरवी गाठ होती. शेजारच्या फांदीवर दुसरी. पलीकडच्या झाडावर तिसरी.

फुलमावशीने चष्मा पुसला, ती वाकली आणि तिने बोटाच्या टोकाने गाठीला स्पर्श केला. "कळी आहे," ती म्हणाली. मग वाफ्यामागून वाफे बघत गेली आणि प्रत्येक ठिकाणी तेच म्हणत राहिली. "कळी आहे... कळी आहे..."

मामांनी तिन्ही मुलांच्या पाठीवर थाप मारली. "माझ्याहून पक्की मोजणी केलीत रे पोरांनो! पुढच्या रस्त्याला तुम्हालाच नेतो!"

फुलमावशी परत आली आणि पुस्तक्यासमोर उभी राहिली. "शाबास, बाळा. पण माझ्या पत्राचं उत्तर कुठे आहे?"

त्याचे कान लाल झाले. "आता... आता तर सगळं कळलंच ना तुम्हाला."

"ते झाडांनी कळवलं. तू नाही. महिनाभर मी रोज पत्रपेटी उघडून बघत होते."

त्या दुपारी पुस्तक्या चौथ्यांदा लिहायला बसला. टोपण चावलं नाही.

"प्रिय फुलमावशी, तुमचं पत्र मिळालं. कळ्या का धरत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं, हे मला आत्ता कळलं. तुम्ही वाट बघितली, त्याबद्दल माफ करा. फुलं आली की किती आली ते लिहा. मी लगेच उत्तर देईन."

सकाळी गाडीला निघताना कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी तो थांबला.

"अरे, भिंतीवरून हातात दे की!" तोफ म्हणाली. "इथून दहा पावलांवर तर राहते ती!"

"पत्राचं उत्तर पत्रानेच द्यायचं असतं," पुस्तक्या म्हणाला आणि त्याने पाकीट आत सोडलं.