पान उलटणारा हात

"उतरली! चल लवकर," यज्ञेश्वरनं श्रीधरला बसमधून जवळजवळ ढकललंच.

पुढं नीरजा चालली होती, खांद्याला कापडी पिशवी. धायरीपासून सदाशिव पेठेपर्यंत दोघं वर्तमानपत्राआड तोंडं लपवून तिच्या मागं बसले होते.

"रोज दुपारी एकटी येते. परतते तेव्हा नखांत वाळू. खजिना आहे, लिहून घे."

श्रीधर हसला नाही. गेले आठ दिवस त्याचा घास तोंडातच फिरत होता.

आठ दिवसांपूर्वी सुट्टीच्या वाचनमंडळात नीरजा मोठ्यानं वाचत होती, झरा वाहावा तशी. पुस्तक श्रीधरनं धरलं होतं. गंमत म्हणून त्यानं एकदम दोन पानं उलटली. नीरजा वाचतच राहिली, मागच्याच पानावरचं! आदल्या दिवशी तिनं ती गोष्ट श्रीधरकडूनच दोनदा वाचून घेतली होती. "तुझा आवाज छान आहे," म्हणाली होती.

पोरं खदखदून हसली. मंडळ चालवणाऱ्या आप्पासाहेबांनी समारोपाला वाचणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव खोडलं. "पाठांतराला शाळा आहे. इथं वाचन चालतं."

पानं कुणी उलटली, हे कुणी विचारलं नाही. श्रीधरनं सांगितलं नाही.

नीरजा एका बोळातल्या घरात शिरली. दोघं खिडकीला लोंबकळले. आत ताटात वाळू होती. नीरजा बोटानं अक्षर काढत होती, त्याचा आवाज उच्चारत होती, आणि शेजारी बसलेल्या बाई टाळीवर गात होत्या,

*वाळूत काढिली बोटानं गं वाट*
*अक्षराची गाठ हळू सोडू*

"खिडकीला लटकून माणसं बघायची पद्धत कुठल्या पेठेतली?" बाई मागं न वळताच म्हणाल्या. "दार उघडं आहे."

त्या श्यामलाबाई. त्यांनी सरळच सांगितलं. "हिला डिसलेक्सिया आहे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ बसायला वेळ लागतो. डोकं तल्लख आहे. अख्खी गोष्ट ऐकून पाठ करणं, ते काय आळशाचं काम आहे?"

"आता हेही सगळ्यांना सांगणार?" नीरजानं विचारलं.

श्रीधर जमिनीकडं बघत म्हणाला, "पानं मी उलटली होती."

"माहितेय. दोन पानांचा वारा हाताला लागला होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"रविवारी समारोपाला माझी पाळी आहे. ती तू घे."

"दान नको मला."

"दान कसलं? तुझंच होतं. मी घालवलं."

रविवारी श्रीधरचं नाव पुकारलं गेलं. त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर पानांची गोष्ट सांगितली. "माझ्या जागी नीरजा वाचेल."

आप्पासाहेब म्हणाले, "आठवडाभर पाठ करून?"

यज्ञेश्वर याचीच वाट बघत होता. "मग पुस्तक आपणच निवडा ना. कालच आलेल्या गठ्ठ्यातलं. तो अजून कुणी उघडलाही नाही."

आता नाही कसं म्हणणार? आप्पासाहेबांनी गठ्ठ्याची दोरी सोडली.

नीरजानं पिशवीतून पुठ्ठ्याची पट्टी काढली. तिच्यातल्या फटीतून एकच ओळ दिसत होती. बोट सरकू लागलं. एका शब्दाशी ती थांबली, मागं गेली, पुन्हा आली. झरा नव्हता आता. उन्हात डोक्यावर हंडा घेऊन कुणी चढ चढावा, तसं ते वाचन होतं. हसलं कुणीच नाही.

पान संपलं. आप्पासाहेबांनी यादी उघडली आणि खोडलेलं नाव स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलं. "चूक माझी होती, बाळ. न विचारताच खोडलं. शाबास. आणि श्रीधर, तूही."

ती शाबासकी श्रीधरला टोचली. मान खाली घालून तो मागं सरकला.

"कुठं चाललास?" नीरजानं पुस्तक त्याच्यापुढं धरलं. "गोष्ट संपलेली नाही. पान उलट."

त्यानं पानाचा कोपरा धरला.

"एकच हं," ती म्हणाली.