मैंदर्गीच्या खांबावर कोण होतं?

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत.

एकोणीसशे शहात्तरचा मे महिना. सोलापूरबाहेरचं वीज सबस्टेशन. आणि रात्र नव्हती... भरदुपार होती.

त्रिंबकमामा तिथे ऑपरेटर. सकाळपासून मैंदर्गीची लाइन बंद. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या ऑफिसातून साहेबांचे फोनवर फोन.

"त्रिंबकराव, झोपलात का?"

झोपतात कसले! तिकडे मैंदर्गीजवळ सिद्धाराम लाइनमन खांबावर चढलेला. तो उतरल्याशिवाय वीज सोडली, तर जागेवर कोळसा.

म्हणून मामांनीच एक नियम केला होता. तिघांनी कळवायचं. फोन घेऊन खांबाखाली बसलेला रावजी मुकादम, खिडकीतून खांब दिसणारा मैंदर्गी ऑफिसातला नागनाथ, आणि स्वतः लाइनमन. एखादा चुकतो, एखाद्याचा फोन मरतो. तिघांपैकी दोघांचं जुळलं, की तेच खरं.

फोन खरखरला. रावजी.

"वरच हाय अजून."

मग नागनाथ.

"वर हाय. पाय दिसत्यात की."

मामांनी रिसीव्हर आपटला. "वर काय अंडी उबवतोय का!"

"मी हितं हाय की, साहेब..."

मामा वळले.

खुर्चीत सिद्धाराम. कमरेला पट्टा. हातात रबरी मोजे.

मैंदर्गी कुठं, सोलापूर कुठं! आणि दारातलं कुत्रं भुंकलंसुद्धा नव्हतं...

"कधी उतरलास?"

"मगाशीच. सोडा लाइन."

रावजी: वर.
नागनाथ: वर.
समोरचा: खाली.

डोळे म्हणत होते, सोड.

नियम म्हणत होता, थांब.

मामा थांबले. स्वतःच्याच नियमावर दात खात थांबले.

"सोडा की, साहेब."

थोड्या वेळानं पुन्हा.

"सोडा की..."

"गप बस!" मामा खेकसले.

 खुर्चीतून साधा श्वासही ऐकू येईना...

शेवटी फोन वाजला. रावजी.

"उतरला, साहेब! पाणी पितोय हितं."

नागनाथही तेच म्हणाला. "खांब मोकळा. सोडा."

दोघांचं जुळलं. मामांनी वीज सोडायच्या ब्रेकरच्या दांड्यावर हात ठेवला.

मागून आवाज आला. अगदी हळू...

"नका सोडू, साहेब. आत्ता मी वर हाय."

मामांनी मागे पाहिलं.

खुर्ची रिकामी.

फोनमधून नागनाथ ओरडत होता, "सोडा की ओ!"

दोन विरुद्ध एक.

मामांनी दांडा ओढला.

कुठं काही जळलं नाही. उलट रावजीच्या फोनवरून खुद्द सिद्धाराम हसत होता. "आली की लाइन, साहेब!"

पुढे तो रिटायर झाला. नातवंडं झाली. दर वर्षी वेळ अमावस्येच्या सणाला मामांना शेतावर जेवायला बोलवायचा. मामा एकदाही गेले नाहीत.

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, त्याला काय झालं का? धडधाकट आहे माणूस!"

"त्याला काही झालं नाही रे," मामा म्हणाले. "पण दांडा ओढला, तेव्हा माझ्या मागे सिद्धारामच्याच आवाजात कुणीतरी किंचाळलं होतं. एकदाच..."

मामांनी दार लावून घेतलं. "आणि फोनवर सिद्धाराम हसत होता, तो त्यानंतर. मग जेवायला बोलवतो, तो कोण?"