धुक्यातली हाक

खिंडीपलीकडच्या मिशन दवाखान्यात नऊ मुलं घटसर्पाने घुसमटत होती आणि औषध होतं आमच्याकडे! बर्फाने गाडीरस्ता बुजलेला. पायी दोन दिवस. निघालो तिघं: डॉक्टरीणबाई, आमच्या चर्चच्या मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, आणि मी, सुतार. पाळक म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. औषधाच्या कुप्यांची पेटी मीच बनवली होती, आत भुसा ठासून भरला होता, म्हणून ती माझ्या पाठीवर. नाहीतर मला कोण विचारतंय!

बायको जाऊन दहा महिने झाले होते. घरात दोन खुर्च्या. एकीवर मी बसायचो, दुसरीवर माझा कोट. माणसांशी कामापुरतं बोलायचो, देवाशी तेवढंही नाही.

पहिल्याच दिवशी गोठलेला ओढा ओलांडताना कडकन आवाज झाला. मामा कमरेपर्यंत आत! दोर फेकला, ओढलं, सोलवटलेल्या हातांनी बाहेर काढलं. मामा वाचले, पण दोर पाण्यात गेला. रात्र मेंढपाळांच्या रिकाम्या झोपडीत काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. स्वतःचे बूट दिसेनात.

आमच्या मंडळीची जुनी रीत आहे. अशा वेळी पुढचा ओरडतो, "प्रभू सोबत?" आणि मागचा प्रत्येक जण "सोबत!" म्हणतो. हाकही होते, मोजणीही होते.

"मी नाही म्हणणार," मी म्हणालो.

"अहो, हाकच आहे ती!" डॉक्टरीणबाई वैतागल्या.

"असू दे. मला खोटं बोलायला लावू नका. शिट्टी मारतो."

मामा म्हणाले, "बरं बाबा, शिट्टी तर शिट्टी."

तासभर ठीक चाललं, मी सगळ्यात मागे. मग माझ्या बुटाचा पट्टा तुटला. मी खाली बसलो, तेवढ्यात वारा सुटला आणि माझ्या आणि त्यांच्या मधल्या कपारीत शिरून शीऽऽ करत वाजला. हुबेहूब माझी शिट्टी!

"आहे, आहे! चला!" बाईंचा आवाज आला, आणि लांब गेला.

"थांबा!" मी ओरडलो. पण वारा समोरून येत होता, माझा आवाज तोंडातच परत येत होता. मी धावलो. चार पावलं टाकली आणि पायाखालचा बर्फ सुटला! पालथा पडलो, कोपर रुतवले. खाली काहीच नव्हतं. सरपटत मागे आलो, पेटी पोटाशी धरली आणि खडकाला टेकून बसलो.

किती वेळ गेला कोण जाणे. ओठ इतके सुकले की शिट्टी वाजेना. रिकाम्या घरात दहा महिने बसलो होतो, पण एकटं असणं म्हणजे काय ते इथे कळलं. घरी निदान कोट तरी होता. आता मी मेलो तर मेलो, पण ती नऊ मुलं! माझ्या हट्टापायी!

एकाएकी वारा पडला. आणि डावीकडून, जिकडे मी कधीच गेलो नसतो तिकडून, बसलेल्या घशाने कोणीतरी ओरडलं, "प्रभू सोबत?"

मामा! माझ्यासाठी मागे फिरले होते!

एक शब्द म्हटला की काम झालं असतं. जीभ वळेना. मग मी छाती फुटेस्तोवर ओरडलो, "माहीत नाही! पण मी आहे इथे!"

पलीकडून उत्तर आलं, "चालेल रे! हलू नकोस! ओरडत राहा!"

तेच ओरडत राहिलो. रडलोही, लाज कसली! मामांनी धुक्यातून येऊन माझी कॉलर धरली ती खिंड उतरेपर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी दवाखान्यात बाईंनी पेटी उघडली. एकही कुपी फुटली नव्हती. चार दिवसांनी नऊच्या नऊ मुलं पेज मागू लागली.

बाई तिथेच राहिल्या. परतताना आम्ही दोघंच होतो आणि मामा थकले होते, म्हणून पुढे मी. खिंडीत पुन्हा धुकं. हाक द्यायची पाळी माझी! घसा खाकरला आणि म्हणालो, "प्रभू सोबत?"

उत्तर येईना. मी थांबलो.

"माहीत नाही रे!" मामांचा आवाज फाटला होता. "पोर गेल्यापासून मलाही रोज माहीत नसतं. पण मी आहे इथे!"

दर रविवारी चर्चमध्ये पुलपिटावरून उपदेश करणारा हा माणूस. मुलगी त्यांचीही गेली होती. दहा महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी मागे गेलो, चाचपडत त्यांचा हात धरला.

"सोबत, मामा," मी म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं.