पुष्पलता पेट्रोल म्हणाली

एप्रिलच्या भर दुपारी गिऱ्हाईक येत नाही, असा रामाजी मिस्त्रींचा वीस वर्षांचा अनुभव होता. म्हणून तर ते सदरमधल्या आपल्या गॅरेजवर मुलीला बसवून बिनधास्त बेअरिंग आणायला गेले. आणि नेमका त्याच दुपारी विश्वनाथ आला. उंच, सावळा, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला. वाळ्याच्या ताटीजवळ येऊन तो थबकला.

"जयभीम. मिस्त्री आहेत काय?"

"जयभीम. बाबा बाहेर गेले. काय काम होतं?"

आता नागपुरात अनोळखी पोरीशी बोलायचं तर 'ताई' म्हणावं लागतं आणि अनोळखी पुरुषाशी बोलायचं तर 'भाऊ'. त्यातून सुटका नाही. पण यानं 'ता—' एवढं ओठांपर्यंत आणलं, पुष्पलताकडे एकदा नीट पाहिलं आणि उरलेलं गिळून टाकलं. 'भाऊ' तिनंही म्हटलं नाही. का नाही म्हटलं, ते तिला घरी गेल्यावरही कळेना.

"नरखेड तालुक्यात विहिरीचं काम हाय माहं," तो सांगू लागला. "दगड फोडाचा कॉम्प्रेसर हाय, ट्रेलरवर बसवलेला. दीड-दोन टनाचं धूड. भाड्याच्या ट्रॅक्टरनं ओढत होतो, पण आता ट्रॅक्टर भेटतच नाही. जीप घ्याची हाय. तुमची हे दारात विकाले ठेवलेली पेट्रोलची घेऊ, का कन्हानले एक डिझेलची विकाले हाय, ते घेऊ? लोकाईले विचारून विचारून डोकं फिरून राहिलं."

पुष्पलता बी. ए. ला होती खरी, पण अंकलिपीच्या आधी तिनं कार्बोरेटर पाहिला होता. तिनं विचारलं, "रस्ता कसा आहे?"

"काळ्या मातीचा. आन् दर नाल्यापाशी चढ."

"थांबत थांबत जावं लागते?"

"बैलगाड्या आडव्या येतात नं!"

झालं. उत्तर तिला तिथंच मिळालं होतं. पेट्रोलची गाडी पळायला झकास. पण मागं दोन टन बांधून चढावर हळू न्यायची म्हटली, की इंजिन रेटावं लागतं. मग ते तेलही पितं आणि तापतंही. डिझेल धूर सोडेल, खडखड करेल, पण रांगत चालतानाही जोर सोडणार नाही. डिझेल घ्या, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पुष्पलतानं तोंड उघडलं आणि म्हणाली,

"बाबाले विचारून सांगते... परवा येता काय?"

तो परवा आला. तेरवाही आला. मग यायचा सपाटाच लावला त्यानं.

रामाजींचं मत ठरलेलं होतं. कामठीच्या मिलिटरीच्या लिलावातल्या पेट्रोल जीपा दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. "पेट्रोल म्हंजे घोडं गा, आन् डिझेल म्हंजे रेडा!"

"पण मिस्त्री," विश्वनाथ भीतभीत म्हणाला, "ओझं तं रेडाच ओढते नं?"

रामाजी दुखावले. बशीत चहा ओतत म्हणाले, "डिझेलवाल्याईनं कन्हानले जावं. तिथं हायेत त्याचे मिस्त्री. माह्या दारात डिझेल नाही पाह्यजे."

हे वाक्य पुष्पलतानं आजवर शंभरदा ऐकलं असेल. आज मात्र ते तिला बोचलं. डिझेल म्हणजे कन्हान. पेट्रोल म्हणजे सदर, म्हणजे दर पंधरवड्याला प्लग, पॉइंट, कार्बोरेटरची सफाई... आणि बाकावर बसून चहा फुंकत पिणारा हा माणूस. बाबांना प्रश्न विचारून उत्तरासाठी तिच्याकडे बघणारा. स्पष्टच सांगायचं तर तो तिला आवडला होता, चांगलाच आवडला होता.

पण दुसरीकडे मन खात होतं. मृगाच्या आत दोन संत्र्याच्या बागांतल्या विहिरी पुऱ्या करून द्यायचा शब्द त्यानं दिला होता. गाडी अडली तर झाडं वाळतील, आणि पुन्हा नरखेडात त्याला कोणी काम देणार नाही. त्याचं नुकसान करून त्याला जवळ ठेवायचं, हे आवडणं कसलं? आणि खरं सांगून त्याला कायमचा कन्हानला पाठवायचा... मग आपलं काय? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. भाजीत दोनदा मीठ पडलं. आईनं विचारलं, "बरं नाही काय वं?"

आणि शेवटी एका दुपारी त्यानं तिलाच गाठलं. रामाजी गाडीखाली होते.

"सगळ्याईचं ऐकून झालं," तो हळूच म्हणाला. "आता तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते घेतो."

"मी? मी काय सांगू..."

"जे खरं वाटते ते."

पुष्पलतानं टायरकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, त्याच्याकडे मात्र पाहिलं नाही. "पेट्रोल," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो... म्हणजे, हो."

तो इतक्या विश्वासानं हसला, की तिला जमिनीत शिरावंसं वाटलं.

सौद्याआधी ट्रायल हवी, म्हणून रविवारी सकाळी काटोल रोडवर जीपला ट्रेलर जोडला. विश्वनाथ चालवत होता, रामाजी शेजारी. "तू बी चाल वं पुष्पा," ते म्हणाले होते, "गाडी थांबली तं चाकाखाली गोटा लावाले कोणी पाह्यजे." सपाट रस्त्यावर जीप ऐटीत निघाली. रामाजी मागं वळून लेकीला म्हणाले, "पाह्यलं? घोडं!"

मग चढ आला. अर्ध्यावर गेल्यावर इंजिन गुरगुरलं, रेडिएटरमधून वाफ उसळली आणि जीप बंद पडली. आणि मागचं दोन टनांचं धूड तिला हळूहळू खाली ओढू लागलं. विश्वनाथ ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. पुष्पलतानं उडी मारली, भलामोठा गोटा दोन्ही हातांनी उचलून ट्रेलरच्या चाकाखाली ढकलला. गाडी थांबली.

"माहंच चुकलं," विश्वनाथ खाली उतरत म्हणाला. "गियर उशिरा टाकला."

"कार्बोरेटरमंदी कचरा असंल," असं पुटपुटत रामाजी डबा घेऊन शेतातल्या विहिरीकडे पाणी आणायला गेले.

दोघंच उरली. वाफेचा आवाज तेवढा येत होता.

"तुमचं नाही चुकलं," पुष्पलता एका दमात बोलली. "माझं चुकलं. तुमच्या कामाले डिझेलच पाहिजे. मले पहिल्याच दिवशी माहीत होतं."

तो बघतच राहिला. "मंग पेट्रोल काहून म्हणाले?"

"डिझेल घेतली तर तुम्ही कन्हानच्या मिस्त्रीकडे जाल. बाबाले डिझेलचं काही येत नाही."

"अच्छा..." त्याचा चेहरा उतरला. "बाबाचं गिऱ्हाईक जाईन म्हणून."

"नाही हो!" तिला रडू यायला लागलं. "तुम्ही जाल म्हणून."

बोलून गेल्यावर तिला कळलं, की आपण काय बोललो. विश्वनाथनं दुपट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, परत सोडला. मग म्हणाला,

"मी डिझेलच घेतो."

पुष्पलतानं मान हलवली. बरोबरच होतं ते. विहिरी व्हायला हव्यात, बागा जगायला हव्यात. आणि तरी डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झालाच.

"आन् दर रैवारी सदरले येतो," तो पुढं म्हणाला. "गाडी न आणता."

"गाडी न आणता? बाबा विचारतील नं, काहून आला म्हणून... काय सांगाल?"

"तेच तं तुमाले विचारून राहिलो." तो पहिल्यांदाच अडखळला. "तुमाले मांगाले आलो, असं सांगतलं... तं चालते काय?"

पेट्रोल की डिझेल यावर या मुलीनं तीन आठवडे काढले होते. या प्रश्नाला मात्र तिला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

"चालते," ती म्हणाली.

तेवढ्यात पाण्याचा डबा हिंदकळवत रामाजी आले. घामाघूम, चिडलेले. "मंग काय ठरलं गा? पेट्रोल का डिझेल?"

"डिझेल, बाबा," पुष्पलताच म्हणाली.

रामाजींच्या हातातला डबा तिरपा झाला. खुद्द पोटची पोर! "आन् माह्या जीपचं काय? विश्वनाथ, तू काही बोलत नाही गा?"

"बोलतो नं मिस्त्री. येत्या रैवारी मायले घेऊन येतो, मंग बोलतो."

रामाजी गोंधळले. एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे, एकदा बंद पडलेल्या गाडीकडे त्यांनी पाहिलं. "जीप नाही घ्याची, तं माय कायले आणतं?"

पुष्पलता लालेलाल झाली. तिनं बापाच्या हातून डबा घेतला आणि म्हणाली, "बाबा, आधी इंजिन थंड होऊ द्या."