डोकं बदललेली मादाम

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत.

सन १६९१. पॅरिसचा सें-जाक रस्ता. सर्व मृतांच्या सणाची संध्याकाळ.

माझा नवरा माथ्युरँ चित्रांच्या छापखान्यात यंत्र फिरवायचा. मी कागद ओले करून द्यायची आणि छापून झाले की दोरीवर वाळत घालायची. सणाच्या दिवशीही काम चालूच होतं.

"सुट्टी मेलेल्यांना, तुम्हाला नाही," मालक म्हणाले. मेला कंजूष!

आम्ही उमराव बायकांच्या पोशाखांची चित्रं छापायचो. फॅशन बदलली म्हणून मालक छपाईचा नवा पत्रा थोडाच कोरणार? तांब्याच्या जुन्या पत्र्यावरचं फक्त डोकं घासून काढायचं आणि तिथे नवं कोरायचं. झगा तोच.

त्या वर्षी केसांवर जाळीचे मनोरे चढवायची टूम निघाली होती. मालकांनी मादाम द व्होरेलचा पत्रा बाहेर काढला. भारी तोऱ्याची बाई, नुकतीच वारलेली. तिचं डोकं घासलं आणि त्या जागी कोरलं माझ्या धाकट्या बहिणीचं, पेरेतचं.

पेरेत लोकांची धुणी धुवायची. आई गेल्यावर मीच तिला वाढवलं. रूप देताना मात्र देवानं हात राखला नव्हता.

"भावोजी, नीट छापा हं. नाक पसरलं तर तुमची खैर नाही!" असं म्हणून ती गात गात छापखान्याच्या माडीवर, आमच्या खोलीत गेली.

पहिला कागद निघाला. हुबेहूब पेरेत. गालात हसणारी.

दुसरा कागद...

हसू गेलं होतं.

"शाई कमी लागली असेल," माथ्युरँ म्हणाला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं... माडीवरचं गाणं थांबलंय.

"पेरेत?"



नुसती पावलं वाजत होती... सावकाश, मोजून टाकलेली. आमची पेरेत कधी चालत नाही, धावते.

पुढचा कागद... डोळे विस्फारलेले.

त्याच्या पुढचा... तोंड उघडं.

मी मालकांकडे धावले.

"मालक, ती मादाम माझ्या पोरीला खाणार! पुसा तो चेहरा, पाया पडते तुमच्या!"

मालकही पांढरेफटक पडले होते. त्यांनी पातं उचललं आणि शेवटची रेघ जाईपर्यंत चेहरा खरवडला.

खरवडताना बारीक आवाज येत होता... मला वाटलं, पात्याचाच असेल.

चेहरा गेला. मी देवाचे आभार मानले आणि धावत माडी चढले.

पेरेत खुर्चीत बसली होती. धडधाकट! मी रडत रडत तिच्या शेजारी टेकले.

तिनं हळूच मान वळवली. मला नखशिखान्त न्याहाळलं...

"ऊठ. आमच्यासमोर बसायची परवानगी कुणी दिली तुला?"

आवाज पेरेतचाच होता. बोलणं तिचं नव्हतं.

ती अजून आमच्याच घरात राहते. धुण्याला हात लावत नाही. माझं नाव तिला ठाऊक नाही. माथ्युरँ म्हणतो, तापानं डोक्यावर परिणाम झाला असेल. ताप तर तिला आलाच नव्हता.

तो शेवटचा कागद चुलीत घालायचं धाडस मला झालं नाही. रोज काढून बघते. त्या चेहऱ्याला मी मादामचं भूत समजले होते.

पण उघडे ओठ नीट पाहिले की कळतं...

ती "ताई" म्हणून हाक मारत होती.